सवाल-जवाब : फौजेतून परतताना काय राहून जातं?

बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, माढा, मोहोळ आणि खुद्द सोलापूर शहरातून आलेली ही पत्रं वेगवेगळ्या हुद्द्यांच्या फौजींची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत, पण जवळपास प्रत्येकात एक वाक्य आहे : 'हे तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं.' यातल्या काही चुका अजून सुधारता येतात, काही येत नाहीत. कुठली कशात मोडते, ते आम्ही उत्तरांत स्पष्ट लिहिलं आहे. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

सेवेची १७ वर्षं पूर्ण होताच मी पेन्शनवर येणार आहे. अजून वर्षभर हातात आहे. आधी घरी आलेल्यांना सगळ्यात जास्त कशाचा पस्तावा होतो? — एक हवालदार, बार्शी तालुका

मेडिकल बोर्डाचा, म्हणजे निवृत्तीआधीच्या वैद्यकीय तपासणीचा. फौज सोडण्याआधीचा हा शेवटचा मोठा टप्पा असतो आणि बहुतेक जवान तो 'लवकर सही करा, मोकळं व्हा' म्हणून उरकतात.

कारणं समजण्यासारखी आहेत. सगळी नोकरी 'शेप-१', म्हणजे पूर्ण तंदुरुस्त या वैद्यकीय कॅटेगरीत राहण्यात जाते. कॅटेगरी घसरली तर प्रमोशन अडेल, कोर्स हुकेल, म्हणून गुडघा दुखतो हे कुणी सांगत नाही, कान वाजतो हे कुणी बोलत नाही. ही सवय शेवटच्या दिवसापर्यंत टिकते. मग रिलीज मेडिकल बोर्डावर 'काही तक्रार नाही' अशी नोंद होते, आणि पुढे ऐकू येईनासं झालं की 'सेवेत असताना तक्रार नव्हती' हाच कागद विरोधात उभा राहतो.

म्हणून आतापासून तीन गोष्टी करा. सेवेत जेव्हा जेव्हा दुखापत झाली, त्या प्रत्येक वेळचा इंज्युरी रिपोर्ट, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि चौकशी झाली असल्यास तिचा निकाल यांच्या प्रती स्वतःच्या फाइलमध्ये लावा. युनिट बदललं की जुने कागद मागून मिळत नाहीत. तोफखाना, रणगाडे किंवा इंजिनरूममध्ये काम केलं असेल, तर बोर्डाआधी ऑडिओमेट्री (यंत्रावरची कानाची तपासणी) करून घ्या; कुजबुज ऐकू येते का, एवढ्या तपासणीवर थांबू नका. आणि बोर्डासमोर प्रत्येक तक्रार तोंडाने सांगा, ती लिहिली गेली का हे सही करण्याआधी वाचा.

अपंगत्व सेवेमुळे झालं किंवा सेवेमुळे वाढलं, आणि ते किमान २० टक्के आहे, असं ठरलं तरच पेन्शनमध्ये अपंगत्वाचा भाग मिळतो. दावा नाकारला गेला तर पत्र मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत पहिलं अपील करा. त्यानंतर दुसरं अपील, आणि तिथेही नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. नकाराचं पत्र आलं की ट्रंकेत ठेवून देणारे खूप आहेत, आणि हे आम्हाला फार लागतं, कारण त्यातल्या कित्येकांचा दावा खरा असतो.

दुसरा पस्तावा पैशांचा. तुमची मूळ पेन्शन २२,००० रुपये बसते असं धरा. निम्मी, म्हणजे ११,००० रुपये विकता येते. त्यालाच कम्युटेशन म्हणतात. चाळिशीच्या आसपास वयाचा गुणक ९ च्या किंचित वर असतो. म्हणजे ११,००० गुणिले १२ गुणिले ९, सुमारे १२ लाख रुपये एकरकमी हातात येतात. बदल्यात १५ वर्षं दरमहा ११,००० कापले जातात, म्हणजे एकूण १९ लाख ८० हजार. हिशेब केला तर हे साधारण सव्वासात टक्क्यांचं कर्ज पडतं. महागाई भत्ता मात्र पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत राहतो, आणि दुर्दैवाने माणूस मधेच गेला तर उरलेली कपात कुटुंब पेन्शनमधून वसूल होत नाही.

तेव्हा कम्युटेशन वाईट नाही. सावकाराचं किंवा १२-१४ टक्क्यांचं कर्ज फेडायला, घर बांधायला ते घ्यावं. वाईट असतं ते पुढचं. रक्कम खात्यात येताच भावकी, मित्र आणि प्लॉटवाले दारात येतात. शेतजमिनीतला एखादा गुंठा नोटरी करून घेतला जातो आणि सातबाऱ्यावर नाव कधीच लागत नाही. नाहीतर कोरडवाहू रानात एकामागून एक बोअर मारले जातात. आमचं सांगणं एवढंच : रक्कम आल्यापासून सहा महिने ती बँकेत मुदत ठेवीत राहू द्या आणि तोवर कुणालाही शब्द देऊ नका. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे (कमाल ३०० दिवस), भविष्य निर्वाह निधी आणि ग्रुप इन्शुरन्सची रक्कम हे सगळं एकाच सुमारास येतं, त्यामुळे आपण फार श्रीमंत झालो असं वाटतं. तो पैसा पुढच्या चाळीस वर्षांचा आहे.

पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) माझं नाव माहेरचं आहे, आधारवर सासरचं. यजमान ७१ वर्षांचे आहेत. आता काही करायची गरज आहे का? — माजी नायब सुभेदारांच्या पत्नी, अक्कलकोट

आहे, ताई, आणि ती यजमान हयात असतानाच. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होती. युनिटला लग्नाची पार्ट टू ऑर्डर (सेवा-नोंदीत माहिती चढवणारा आदेश) एका नावाने निघाली, घरी रेशनकार्ड दुसऱ्या नावाने झालं. पेन्शन यजमानांच्या नावाने येते तोवर कुणाचं अडत नाही. कुटुंब पेन्शनची वेळ आली की 'या त्याच बाई कशावरून?' असं विचारलं जातं, आणि त्या दुःखात विधवेला महिनोन्महिने खेटे घालावे लागतात.

आधी एका कागदावर तक्ता करा : पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, बँक, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड. प्रत्येकावर तुमचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जशी छापली आहे तशी उतरवा. फरक फक्त स्पेलिंगचा असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं पडतं. तुमच्यासारखं नावच वेगळं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, लग्नाचा पुरावा जोडा आणि यजमानांच्या सहीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे इंजिनिअर्सचं पुण्यात खडकीला आहे. अर्जावर आर्मी नंबर, हुद्दा, युनिट आणि पीपीओ क्रमांक नसेल तर तो परत येतो.

रेकॉर्ड ऑफिस नवी पार्ट टू ऑर्डर काढतं, ते प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात जातं आणि तिथून दुरुस्ती पीपीओ निघतो. त्यानंतर सैनिकी पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर यजमानांच्या प्रोफाइलमध्ये नवं नाव दिसतं का, ते पाहा. हे दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

जन्मतारखेकडेही दुर्लक्ष नको. वयाच्या ८० व्या वर्षी पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३० टक्के होते, ९० ला ४०. कुटुंब पेन्शनलाही हे लागू आहे. रेकॉर्डवर जन्मतारीखच नसेल तर ही वाढ अडकते.

१७ वर्षं नोकरी झाली, फौजेचं पदवी समकक्ष प्रमाणपत्र आहे, पण खासगी कंपनीत ते चालत नाही म्हणाले. फौजेत असताना शिकलो नाही याचं वाईट वाटतं. — माजी नाईक, वय ३७, मंगळवेढा

ते प्रमाणपत्र विद्यापीठाची पदवी नाही. दहावी आणि किमान १५ वर्षं सेवा असलेल्या माजी सैनिकाला, जिथे पदवी मागितली आहे अशा केंद्राच्या गट क पदांसाठी पात्र धरावं, एवढाच त्याचा उपयोग. सरकारी बँकेतली क्लार्कची भरती त्यात बसते. एलएलबीला किंवा खासगी नोकरीला ते कामाचं नाही.

३७ हे वय उशिराचं नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूमधून बीए तीन वर्षांत होतं. त्याच्या जोडीला संगणक टायपिंग करा : मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. लिपिक-टंकलेखकाची दारं त्याशिवाय उघडत नाहीत. राज्यात गट क मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयातही सेवेची वर्षं अधिक ३ अशी सूट मिळते.

एक सापळा लक्षात ठेवा. केंद्रात या सवलतीवर एका नोकरीत रुजू झालात की पुढच्या नोकरीसाठी आरक्षण संपतं. त्याआधीच जिथे जिथे अर्ज केले असतील, त्यांची तारखांसह यादी रुजू होतानाच लेखी दिली तर त्या अर्जांपुरतं ते शाबूत राहतं. घाईघाईत मिळेल ती शिपायाची जागा घेऊन बसलेल्यांना हे नंतर कळतं.

मुलगा १६ वर्षांचा आहे, माझ्याशी बोलत नाही. बायको म्हणते, 'घरात परेड नको.' रात्री झोप नीट लागत नाही. नोकरी चांगली केली, पण घर हातातून गेलं असं वाटतं. — माजी हवालदार, माढा तालुका

६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा, म्हणजे कागदावर वर्षाला तीन महिने. तेही कापणी, लग्नं आणि कोर्टाच्या तारखांत गेलेले. तुमच्या मुलाने वडील पाहिले ते पाहुणे म्हणून. ती वर्षं परत येणार नाहीत आणि त्याबद्दल खोटा दिलासा आम्ही देणार नाही. पुढची मात्र तुमच्या हातात आहेत.

घर इतकी वर्षं तुमच्या पत्नीने चालवलं. सोसायटीचं कर्ज, उसाचं बिल, शाळेची फी, आजारपणं, सगळं त्यांना माहीत आहे. पहिलं वर्षभर तुम्ही त्यांचे हाताखालचे व्हा. एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि व्यवहार समजून घ्या. चुका काढू नका. मग दोन-तीन कामं पूर्णपणे अंगावर घ्या, उदाहरणार्थ वीजबिल, पाण्याची पाळी, म्हातारीचा दवाखाना. बाकीच्यात मत विचारलं तरच द्या.

मुलाशी समोरासमोर बसवून बोलायला जाऊ नका. या वयात तो उठून जाईल. त्याच्याबरोबर काम करा. मोटार खोलणं, ठिबकच्या नळ्या टाकणं, मोटारसायकलवरून कुर्डूवाडीला सोडणं. बोलणं हात कामात असताना निघतं. सकाळी ५ ला उठवण्याचा आग्रह सोडा. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द वर्षभर तोंडातून काढू नका. आणि तुम्ही नसताना त्याचं काय काय हुकलं, हे तो कधी बोललाच तर खुलासा देऊ नका, ऐकून घ्या.

झोपेचं वेगळं. दचकून जाग येणं, फटाक्याने अंगावर काटा येणं, छोट्या गोष्टीवर राग भडकणं, झोपेसाठी कॅन्टीनच्या रमचा आधार घेणं, यातलं काही महिनाभर टिकलं असेल तर तो दुबळेपणा नाही, उपचाराचा विषय आहे. सोलापूरच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि मानसोपचारासाठी रेफरल मागा. डॉक्टरांना 'झोप येत नाही' एवढंच न सांगता हे सगळं सांगा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. दारूने झोप लागते पण पहाटे तुटते, म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त दारू लागते. हे चक्र आधी थांबवा.

आजोबा १९७१ च्या लढाईत होते. आता विसरायला लागले आहेत. त्यांच्या आठवणी कशा लिहून घ्याव्यात? — एक नातू, सोलापूर शहर

आधी पदकं आणि डिस्चार्ज बुक बाहेर काढा. १९७१ च्या पदकांत 'पूर्वी स्टार' असेल तर ते बांगलादेशाच्या बाजूला होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिम सीमेवर. 'समर सेवा स्टार' किंवा 'रक्षा मेडल' निघालं, तर १९६५ सुद्धा विचारा. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते भिंगाने वाचा, घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. डिस्चार्ज बुकमधून युनिट आणि तारखा मिळाल्या की आठवणी कुठे टांगायच्या ते कळतं.

एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे, तीही सकाळी. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि सुरुवातीला तारीख बोला. 'लढाईत काय झालं?' असं विचारलं की दोन वाक्यांत संपतं. त्यापेक्षा विचारा : पाठीवरच्या पिठ्ठूत काय काय असायचं? शेजारी कोण झोपायचं, ते कुठल्या गावचं? भाकरीऐवजी काय खाल्लं? घरचं पत्र किती दिवसांनी यायचं आणि कोण वाचून दाखवायचं? माणसांची नावं या वाटेने येतात. जुना फोटो दाखवा आणि गप्प बसा. तारखा चुकल्या तर टोकू नका, बाजूला खूण करून नंतर पडताळा.

कुणी डोळ्यांदेखत गेल्याची आठवण निघाली आणि ते थांबले तर पुढे ढकलू नका. विषय बदला, त्या दिवशी रेकॉर्डिंग बंद करा. 'तेव्हा असं करायला हवं होतं' असं काही ते म्हणाले तर त्यांच्याच शब्दांत ठेवा, गोड करून लिहू नका. आजीलाही वेगळं बसवून विचारा. मागे राहिलेल्यांची लढाई कुणी लिहून घेत नाही.

घरात ठेवण्यासाठी हे सगळं निर्धास्त लिहा. छापणार असाल तर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो हे ध्यानात ठेवा. नंतरच्या नोकरीतली ठाणी, सामग्री, संकेत यांचा तपशील टाळा.

माजी सैनिकाला घरपट्टी माफ असते का? — एक वाचक, मोहोळ

हो. राज्याच्या २०२० च्या योजनेनुसार माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घराची घरपट्टी माफ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. घर दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद करावी लागेल.