मेशुगा ऐकायला बसतोयस तर आधी टाळी धर

अरे, पहिल्यांदा ऐकून डोकं गरगरलं म्हणून सोडू नकोस. स्वीडनच्या उमेओ गावात १९८७ साली मेशुगा हा मेटल बँड सुरू झाला. १९९५ च्या अल्बमपासून सुरुवात कर, मग २००८ चा. मधला २००५ चा सलग एकाच गाण्यासारखा आहे, तो सध्या राहू दे.

गिटारच्या मागे धावायचं नाही. झांजेवर चारचा ठेका सरळ चाललेला असतो, तिथं टाळी धर. समजा रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, १७ मात्रांची आहे आणि एका टाळीला चार बारीक मात्रा धरल्या तर ठेक्याच्या चार आवर्तनांच्या ६४ मात्रा. तीन फेऱ्यांत ५१ होतात, चौथी १३ वर तोडायची की सम आलीच! तुळजापूरला गोंधळात संबळ ऐकलायस ना? तो मोजलेला कान इथं फार उपयोगी पडतो बघ.

आठ तारांची गिटार आत्ताच घेऊ नकोस. २००२ चा अल्बम त्यांनीही सात तारांची गिटार खालच्या सुरात उतरवूनच वाजवला होता, कारण आठतारी तेव्हा सुरात राहत नव्हती. २००६ ला त्याच अल्बमची गिटार आठ तारांवर पुन्हा रेकॉर्ड केली. मी लातूरला दोन वर्षं साध्या सहा तारांवरच हात बसवला. रोज मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र) लाव, सावकाश वाजव, आणि पाय थांबू देऊ नकोस.