ॲम्स्टेलवेनमध्ये भाड्याने घर: तुमच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

तुम्ही लिहिलंत की यजमानांना ॲमस्टरडॅमला नोकरी लागली आहे, ऑगस्टमध्ये निघायचंय, नेदरलँड्समधल्याच, ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलवेनमध्ये शांत, झाडाझुडपांचा भाग हवाय. घर पुण्यात बसूनच पक्कं करावं का, कुठला भाग बरा आणि तिथे एकटं वाटतं का, असे तीन प्रश्न. आणि जाता जाता, मुलगी नऊ वर्षांची आहे. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसले. आमची मुलगीही नऊचीच होती, २०१६ साली आम्ही आलो तेव्हा.

बीएसएन (इथला नागरिक क्रमांक), डिजीडी (सरकारी कामांचं ऑनलाइन लॉगिन), बँक, परदेशातून आलेल्यांना मिळणारी करसवलत, हे सगळं सरकारी पानांवर इंग्रजीत व्यवस्थित दिलेलं आहे. तेच दळण मी पुन्हा दळत नाही. एकटं वाटतं का? वाटतं. पुढे.

घर पुण्यातून पक्कं करू नका. कंपनी सुरुवातीला तात्पुरती जागा देत असेल तर ती घ्या आणि इथून हिंडून बघा. जाहिरातीतले फोटो बहुतेक मे-जूनमधले असतात आणि मे-जूनमध्ये या देशात सगळंच सुंदर दिसतं. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, तोही दिसला तर. त्यामुळे इथे घर बघताना बाग कुठल्या दिशेला आहे हे विचारतात. दक्षिणेला असेल तर जाहिरातीत तसं ठळक लिहिलेलं असतं आणि भाडंही तसंच असतं. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दार पूर्वेला नाही म्हणून हळहळल्या. त्यांचा दुसरा मुक्काम हिवाळ्यात झाला, तेव्हा वास्तुशास्त्र बाजूला ठेवून दिवसभर मागच्या खिडकीपाशी उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची सरकवत बसल्या होत्या.

दुसरं म्हणजे घर कुठल्या अवस्थेत मिळतं ते. डचमध्ये 'काल' (kaal) असं लिहिलेलं घर म्हणजे खरोखर उघडंबोडकं: खाली सिमेंट, वर दिव्यांच्या जागी लोंबणाऱ्या वायरी, पडदे नाहीत. आधीचा भाडेकरू जाताना जमिनीवरचं आपलं लॅमिनेट उखडून नेतो, कारण करारात तसंच असतं. तो अजून तिथेच राहत असेल तर त्याच्याशी बोला. जमिनीवरचं आच्छादन, पडदे, कधी कधी वॉशिंग मशीनही तो थोड्या पैशांत सोडून जातो आणि दोघांचाही त्रास वाचतो. 'खेस्टोफेर्ड' म्हणजे जमीन आणि पडदे असलेलं. 'खेम्यूबिलेर्ड' म्हणजे चमच्यांपर्यंत सगळं, पण त्या प्रत्येक चमच्याची यादी असते आणि सोडताना मोजून घेतात. आपल्यासारख्या फोडणीवाल्यांनी दुसऱ्याच्या सोफ्याची जबाबदारी अंगावर घेऊ नये, असं माझं मत.

निघण्याआधी एक काम नक्की करा, कारण हे कुणी सांगत नाही. इथे नवा मालक जुन्या मालकाचं पत्र मागतो: भाडं वेळेवर दिलं, घर नीट ठेवलं, शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. आपल्याकडे अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीची एनओसी हे सगळं असतं, पण असं पत्र कोण कुणाला देतं? पुण्यातल्या मालकांना गोड बोलून इंग्रजीत दोन ओळी लिहून, सही करून घ्या. पगार भाड्याच्या तिप्पट-चौपट दिसला पाहिजे हे तुम्ही वाचलंच असेल. ते दिसूनही मागे पडायला होतं. एका एजंटाने तर मला विचारलं होतं, तुमच्याकडे रोज स्वयंपाक करतात का. मी हो म्हटलं. ते घर आम्हाला मिळालं नाही. कारण हेच होतं का, ते कुणीच कधी लिहून देणार नाही.

कागदांचं निघालंच आहे तर जन्मदाखला. यजमानांचा, मुलीचा ठीक असेल, तुमचा स्वतःचा आजच काढून बघा. माझा जन्म सातारा जिल्ह्यातला. दाखल्यावर आईचं नाव, वडिलांचं नाव, 'स्त्री', तारीख, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कुणी गेलंच नाही, आमच्या पिढीत हे घरोघरी सापडेल. शाळेचा दाखला, पासपोर्ट सगळं त्यावर निभावलं होतं. इथे नोंदणीला मात्र अपोस्टील केलेला (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला), नाव असलेला दाखला लागतो. माझ्या वडिलांनी सत्तरीत त्या एका रकान्यासाठी तालुक्याला खेटे घातले, मग मुंबई, मग दिल्लीचा शिक्का. दर वेळी फोनवर म्हणायचे, "काही नाही गं, तेवढंच फिरणं होतं." ते आता नाहीत. तो दाखला फाइलमध्ये आहे, माझं नाव वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात. बरं, एवढं करूनही इथल्या नोंदीत पासपोर्टातलं मधलं नाव म्हणून नवऱ्याचं नाव माझ्या स्वतःच्या नावांत जाऊन बसलं ते बसलंच. दातांच्या डॉक्टरांचं पत्र येतं त्यावर माझ्या आद्याक्षरापुढे त्याचं आद्याक्षर असतं.

आता भाग. वेस्टवाइक नव्वदच्या दशकातली वस्ती, ओळीने विटांची घरं, पाण्याचे पाट, बदकं, आणि २५ नंबरची ट्राम थेट ॲमस्टरडॅम झाउडपर्यंत. आपले लोक भरपूर. मुलं लवकर रुळतात, तुम्हीही रुळाल, फक्त डच बोलायची वेळच येत नाही. एल्सराइक जुनं, झाडं मोठी, स्टाड्सहार्ट या मध्यवर्ती भागातला बाजार चालत. पण तिथल्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावर घर घेतलंत तर मुलगी टाचांवर चालली तरी खाली ऐकू जातं, आणि खालचे सांगायला वर येतात. उत्तरेकडच्या भागात वारा फिरला की स्किपोल विमानतळाच्या बाउटनफेल्डर्ट धावपट्टीवर उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. एजंट शनिवारी सकाळी घर दाखवेल, तेव्हा आकाश अगदी गप्प असेल. त्याच रस्त्यावर आठवड्यात दोन-तीन वेळा वेगवेगळ्या वेळी जाऊन उभ्या राहा.

आणि ॲमस्टरडॅमसे बोस. हजारेक हेक्टरचं हे जंगल १९३४ पासून, मंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून, माणसांनी हातांनी लावलेलं आहे. त्यात चेरीच्या चारशे झाडांची एक बाग आहे. २००० साली इथल्या जपानी महिला मंडळाने ती झाडं दिली आणि प्रत्येक झाडाला एका बाईचं नाव आहे, काही डच, काही जपानी. एप्रिलमध्ये तिथे सगळे फोटो काढायला येतात. मी मात्र नोव्हेंबरात जाते, पाट्या वाचत.

हिरव्या भागाचं भाडं तुम्ही भराल, पण हिरवाई राखायचं कामही भाडेकरूचंच असतं. गवत, कुंपण, फरशांच्या फटींतलं तण, हात पोचेल तिथपर्यंतची पन्हाळ. सोडताना फरशीवर शेवाळ दिसलं तर डिपॉझिटमधून कापायला बघतात. आमच्याकडे कुंपणाला प्रिव्हेटची झुडपं आहेत. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मी मोठी कात्री घेऊन उत्साहाने बाहेर पडले, तर शेजारच्या आजी त्यांच्या बाजूने आल्या, काही न बोलता माझा हात धरून खाली केला आणि दोन बोटांनी फांद्या बाजूला केल्या. आत वाटीएवढं घरटं, चिखलाने आतून लिंपलेलं, त्यात निळसर हिरवी चार अंडी. मार्चच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे कुंपण छाटत नाहीत. एवढा वेळ तो हात त्यांनी धरलेलाच होता. या देशात आल्यापासून घराबाहेरच्या कुणी मला हात लावण्याची ती पहिली वेळ असावी. शांतता शांतता म्हणतात ती ही. रस्त्यावर सगळे 'दाख' (नमस्कार) म्हणून हसतात, कुरियर ठेवून घेतात, आणि कुणी कुणाच्या घरात जात नाही. दिवाळीला चकल्या दिल्या तर डबा धुऊन, पुसून, वर आभाराचं कार्ड लावून परत. रिकामा डबा परत देऊ नये असं ज्यांच्या आयांनी शिकवलंय त्यांनाच कळेल मी काय म्हणतेय.

कराराबद्दल थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून नवे करार साधारणपणे बेमुदत असतात, आणि १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत डिपॉझिट मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. ऐकायला छान. पण त्याच सुमारास भाड्यावरचे निर्बंध वाढले आणि अनेक मालकांनी घरं विकायला काढली, त्यामुळे असल्या शांत गल्ल्यांत भाड्याच्या पाट्या कमी झाल्यात. मालक स्वतः परदेशात गेलाय का आणि परत येऊन इथे राहणार आहे का, हे आधीच विचारा, कारण त्या प्रकारच्या करारात तुम्हाला निघावं लागू शकतं. आमच्या मालकालाही आता विकायचंय. घर विकलं तरी भाडेकरूचा करार मोडत नाही, म्हणून त्याने सभ्य भाषेत ईमेल केली आहे: स्वखुशीने सोडलंत तर काही रक्कम देतो, किंवा तुम्हीच विकत घ्या. नवरा म्हणतो घेऊन टाकू. मी इतकी वर्षं साताऱ्याला सगळ्यांना सांगत आलेय की आमचं काय, भाड्याचं आहे, केव्हाही निघू. हे वाक्य बोलता येणार नाही एवढीच माझी हरकत आहे, आणि ती नवऱ्याला हरकत वाटतच नाही.

आता मुलीचं. तुमची मुलगी वयाने बहुधा ग्रुप ६ मध्ये बसेल (इथली प्राथमिक शाळा ग्रुप ८ पर्यंत). आधी नवख्या मुलांचा भाषेचा वर्ग, साधारण वर्षभर, तो बऱ्याचदा वेगळ्याच शाळेत. मग नेहमीची शाळा. आणि ग्रुप ८ च्या जानेवारीत, म्हणजे विमानातून उतरल्यापासून अडीच वर्षांच्या आत, शाळा सांगणार की पुढे कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जायचं: व्हीएमबीओ (व्यवसायशिक्षणाकडे नेणारी), हावो (मधली) की व्हीडब्ल्यूओ (सगळ्यात वरची). व्हीडब्ल्यूओमधून थेट विद्यापीठ. बाकीच्यांना वळसा. बाराव्या वर्षी. आपल्याकडे दहावीपर्यंत तरी कुणी असं तोंडावर सांगत नाही.

पालकभेट दहा मिनिटांची असते. आम्ही त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. बाईंनी दोन आलेख समोर ठेवले. गणिताची रेघ वरच्या पट्ट्यात, एकदाही न उतरलेली. वाचनाची तळातून निघून चढत चाललेली. बाईंनी पेनाचं टोक त्या दुसऱ्या रेघेच्या शेवटी ठेवलं आणि म्हणाल्या, इथे आहे ती. मी म्हटलं, पण रेघ चढते आहे. त्या म्हणाल्या, ती शांत मुलगी आहे, व्हीएमबीओमध्ये तिला बरं वाटेल, इथे ताण नको. पुढे ग्रुप ८ च्या परीक्षेत निकाल हावोच्या वरचा आला. तेव्हाच्या नियमाने शाळेने फेरविचार करायचा असे, शिफारस बदलायलाच हवी असं नव्हतं. त्यांनी फेरविचार केला आणि अर्धी पायरी वर नेली. वर्गात शांत होती, कारण डचमध्ये वाक्य जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. घरी ती दिवसभर बडबडायची. साताऱ्याच्या शाळेत बडबडीसाठीच बाकावर उभी राहिलेली मुलगी.

ती मावो (व्हीएमबीओचीच वरची पायरी) आणि हावोच्या मिश्र वर्गातून हावोला गेली, पाच वर्षांत पास झाली, आता होखेस्खोलमध्ये (उपयोजित शिक्षणाच्या कॉलेजात) शिकते आहे, मजेत आहे. हा विषय काढला की म्हणते, आई, पुरे. तिचं खरंच पुरे झालंय. त्या बाई मला अजून कधीतरी सुपरमार्केटात भेटतात, मुलीची चौकशी करतात, मनापासून करतात. मी "खूप छान चाललंय" म्हणते आणि घरी येईपर्यंत दोन्ही रेघा डोळ्यांसमोर असतात.

२०२३-२४ पासून नियम बदललाय. परीक्षा आता जानेवारीअखेर-फेब्रुवारीत असते, आणि निकाल शिफारशीपेक्षा वर आला तर शाळेला शिफारस वाढवावीच लागते, न वाढवण्याचं कारण मुलाच्या हिताचं आहे असं पटवून द्यावं लागतं. म्हणजे तुमची बाजू आमच्यापेक्षा भक्कम.

म्हणून घर शोधताना दक्षिणेची बाग, ट्राम, यजमानांचं ऑफिस हे सगळं नंतर. आधी नवख्यांचा वर्ग कुठे भरतो, तिथून मुलं कुठल्या शाळांत जातात, आणि त्या शाळांत दुसरी भाषा घेऊन आलेल्या मुलांना शिफारस करताना वाचनाची फक्त पातळी बघतात की चढही बघतात, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. न लाजता विचारा, इथे त्याचा राग येत नाही. चाचण्या वर्षातून दोनदा होतात. प्रत्येक वेळी आलेखाची प्रत मागून घ्या, मागितली की देतात. मग त्या शाळेपासून सायकलच्या अंतरावर जे मिळेल ते घर घ्या, कुंपण असलं तरी आणि नसलं तरी.