पॅटागोनियाच्या नद्या आणि सान्तियागोचे विद्यार्थी

प्रश्न : चिलीमध्ये २०११ साली विद्यार्थ्यांनी पॅटागोनियातील धरणांविरुद्ध मोठे मोर्चे काढल्याचे वाचले. राजधानीतील मुलांना इतक्या दूरच्या नद्यांचा कळवळा का यावा? आणि ती धरणे खरोखर मोर्च्यांमुळे रद्द झाली का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नद्या दूरच्या असल्या तरी वीज सान्तियागोसाठीच होती. बेकर नदीवर दोन आणि पास्क्वा नदीवर तीन अशी पाच धरणे बांधून २,७५० मेगावॉट वीज निर्माण करायची आणि सुमारे दोन हजार किलोमीटरच्या वाहिनीने ती उत्तरेकडे न्यायची, असा हा ‘हिद्रोआयसेन’ प्रकल्प होता. कोयनेच्या काठच्या वाचकाला यातला पेच अधिक फोड करून सांगायला नको.

९ मे २०११ रोजी पॅटागोनियातल्या कोयाइके शहरातील समितीने प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी दिली आणि ‘धरणांविना पॅटागोनिया’ ही घोषणा देत हजारो लोक रस्त्यावर आले. त्याच महिन्यात शिक्षणाच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटत होते. हा केवळ योगायोग नव्हता, असे माझे मत आहे. पिनोशेच्या लष्करी राजवटीत, १९८१ साली, नव्या जलसंहितेने पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे करून विकण्याजोगे केले आणि त्याच वर्षी उच्च शिक्षणाचीही दारे खासगी संस्थांना उघडून दिली. बेकर आणि पास्क्वाच्या पाण्याचे बहुतांश हक्क एन्देसा या एकाच वीज कंपनीकडे होते. शुल्कासाठी कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला नदीची ही मालकी कळायला वेगळा अभ्यास लागत नव्हता.

शिवाय बेकर ही चिलीतील सर्वाधिक पाणी वाहून नेणारी नदी. बेर्त्रान सरोवरातून ती गडद निळी-हिरवी निघते आणि थोड्याच अंतरावर नेफ नदीचे राखाडी, हिमनदीच्या गाळाने दुधाळलेले पाणी तिला येऊन मिळते. दोन रंग काही काळ शेजारी शेजारी वाहत राहतात. तिच्या मुखाशी वसलेल्या तोर्तेल गावात रस्त्यांऐवजी सायप्रसच्या लाकडी पायवाटा आहेत. अर्थात, रोजगाराच्या आशेने प्रकल्पाची वाट पाहणारेही त्या भागात होते, हे मोर्च्यांच्या छायाचित्रांत दिसत नाही.

आता दुसरा प्रश्न. मोर्च्यांनी धरणे थेट रद्द केली नाहीत; उलट एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धचे दावे फेटाळले होते. मात्र लोकमत विरोधात गेल्यामुळे वेळ लागत गेला. भागीदार असलेल्या कोल्बुन कंपनीने त्याच वर्षी वाहिनीचे काम थांबवण्याची शिफारस केली, जून २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेट यांच्या सरकारच्या मंत्री-समितीने मंजुरी रद्द ठरवली आणि २०१७ मध्ये कंपन्यांनी स्वतःच प्रकल्प गुंडाळला.