क्लायंटची जोडणी मध्येच तुटली की माझा सर्व्हर गुपचूप बंद का पडतो?

तुम्ही लिहिलंय की जिनिंगमधल्या काट्यांवरून कापसाची वजनं गोळा करणारा तुमचा सर्व्हर सी भाषेत आहे, लिनक्सवर चालतो, लॉगमध्ये एक ओळही न लिहिता बंद पडतो आणि काही पावत्या दोनदा चढतात. मी पांढरकवड्याकडे असंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुपचूप बंद पडण्यामागे बहुतेक सिगपाइप असणार, म्हणजे तुटलेल्या जोडणीवर लिहिलं की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोसेसला देतो तो सिग्नल. काट्यावरच्या माणसाने प्रोग्राम बंद केला तरी तुमचा पुढचा सेंड यशस्वीच दिसतो, कारण सेंड फक्त डेटा कर्नलच्या बफरमध्ये ठेवून परततो. मग समोरून आरएसटी (जोडणी तोडल्याचं पॅकेट) येतो. त्यानंतर पुन्हा लिहायला गेलात की कर्नल सिगपाइप देतो, आणि तो हाताळला नसेल तर अख्खी प्रोसेस संपते. एका काट्यापायी सगळे काटे बंद! त्यात सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सिगपाइपने झालेला शेवट व्यवस्थित बंद होणं समजतं, त्यामुळे ‘बिघाड झाला तरच पुन्हा सुरू कर’ असं ठेवलं असेल तर सर्व्हिस आपोआप उठतही नाही. प्रत्येक सेंडला एमएसजी_नोसिग्नल (सिग्नल नको असं सांगणारा पर्याय) द्या किंवा सुरुवातीलाच सिगपाइपकडे दुर्लक्ष करायला सांगा. मग ईपाइप ही साधी एरर मिळते. तेवढी जोडणी बंद करायची, बाकीच्या चालू.

रीडने ० दिला म्हणजे समोरच्याने रीतसर निरोप घेतला. ईकनरिसेट म्हणजे जोडणी तोडली गेली. ईअगेन म्हणजे काहीच तुटलेलं नाही, फक्त आत्ता वाचायला काही नाही. ० मिळाल्यावर सॉकेट (जोडणीचं आपल्याकडचं टोक) बंद केलं नाही तर ते क्लोज-वेट (समोरून बंद, आपल्याकडून अजून नाही) या अवस्थेत पडून राहतं, आणि फाइल डिस्क्रिप्टरची (उघड्या फाइल आणि सॉकेटना मिळणाऱ्या क्रमांकांची) मर्यादा (बऱ्याच ठिकाणी १०२४) भरली की नवा काटा जोडलाच जात नाही.

आपल्याकडची खरी डोकेदुखी मात्र वेगळी आहे. लाइन जाते, राउटर बंद पडतो, आणि निरोपाचं पॅकेट कोणी पाठवतच नाही. सर्व्हरच्या लेखी जोडणी जिवंतच. रीड वाट पाहत बसतो, कितीही वेळ. टीसीपीचा कीपअलाइव्ह (समोरचा अजून आहे का हे विचारणारी सोय) मुळात बंद असतो. नुसता चालू केला तर लिनक्सवर तो ७२०० सेकंद गप्प राहतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारतो. म्हणजे मेलेली जोडणी कळायला २ तास ११ मिनिटं! हे आकडे सॉकेटपुरते कमी करता येतात, पण मला जास्त भरवशाचं वाटतं ते आपलंच ‘आहे’ असं सांगणारं छोटं पॅकेट. काट्याने दर ३० सेकंदांनी पाठवावं, ९० सेकंद काही आलं नाही तर सर्व्हरने जोडणी बंद करावी. पाठवलेल्या डेटाची पोच येत नसेल तर त्यासाठी टीसीपी_यूजर_टाइमआउट ही वेळमर्यादा लावा, नाहीतर कर्नल पंधरा मिनिटांच्या आसपास पुन्हापुन्हा पाठवत बसतो.

आता दुहेरी पावत्या. वजन सर्व्हरवर नोंदलं गेलं आणि पोच परत जाताना लाइन गेली, तर नोंद झाली की नाही हे काट्याला कळण्याचा काही मार्ग नाही. तो पुन्हा पाठवणार, आणि त्याने पाठवायलाच हवं. म्हणून काटा क्रमांक आणि पावती क्रमांक मिळून डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदू न देणारा नियम) ठेवा. पावती क्रमांक काट्यावरच तयार व्हावा, सर्व्हरवर नाही. पोच द्यायची ती डेटाबेसचा कमिट झाल्यावरच, म्हणजे नोंद पक्की झाल्यावरच, आणि तीच पावती पुन्हा आली तर नवी नोंद न करता तीच पोच परत द्यायची. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे. १२ क्विंटलची एक पावती दोनदा चढली की ९७,३२० रुपयांचा घोळ, आणि गाळली गेली तर तेवढंच शेतकऱ्याचं नुकसान. इथे ‘बहुतेक वेळा बरोबर’ चालत नाही.

थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) वापरत असाल तर एक धोका नीट समजून घ्या. एका थ्रेडने सॉकेट बंद केलं की त्याचा क्रमांक कर्नल लगेच नव्या जोडणीला देऊ शकतो. दुसरा थ्रेड जुन्याच क्रमांकावर लिहीत राहिला तर एका काट्याची पोच दुसऱ्या काट्याला जाते. एका जोडणीचा मालक एकच थ्रेड ठेवा, आणि बंदही त्यानेच करावी.

लाइन आली की सगळे काटे एकाच क्षणी धडकतात. पुन्हा जोडण्याआधी प्रत्येकाने थोडा यादृच्छिक वेळ थांबावं.

हे तपासताना क्लायंट किल करून समाधान मानू नका. प्रोसेस कशीही मारली तरी तिचा कर्नल सॉकेट बंद करून समोरच्याला कळवतोच. राउटरची पिन उपटा किंवा आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) पॅकेट गिळून टाका, आणि एसएस कमांडने सर्व्हरवरच्या जोडण्या बघत राहा. सिगपाइपचा बदल आजच करा. युनिक इंडेक्स मात्र आवक जोरात सुरू व्हायच्या आत, आणि तो लावण्याआधी जुन्या दुहेरी नोंदी काटा पावत्यांशी ताडून काढाव्या लागतील.