चोकचेरी ओळखायची तर पान उलटून बघ

फळावरून ओळखायला जाऊ नकोस, पहिल्या वर्षी मीही तिथेच फसले. चोकचेरी काय नि ब्लॅक चेरी काय, दोघीही उत्तर अमेरिकेतल्या रानटी चेरी; दोघींची पांढरी फुलं तुऱ्यातच येतात आणि पिकल्यावर फळंही काळपट. आधी पान हातात घे. चोकचेरीच्या कडेचे दाते बारीक, टोकदार, बाहेर वळलेले. ब्लॅक चेरीचे बोथट, आत वळलेले. शिवाय ब्लॅक चेरीचं पान उलटलं की मधल्या शिरेलगत बहुधा तांबूस लव दिसते. पानाच्या देठावरच्या ग्रंथी (बारीक गाठी) दोघींनाही असतात, त्यांच्यावर विसंबू नकोस. फळाच्या बुडाशी निदलपुंज (फुलाच्या पाकळ्यांखालचा छोटा पेला) चिकटून राहिलाय? मग ती ब्लॅक चेरी.

गर चाखायला हरकत नाही, तोंड आवळून येईल एवढंच. बी मात्र चावू नकोस. बी आणि पानांतून सायनाइड सुटतं, कोमेजलेल्या पानांनी गुरंही दगावतात.