कार्यक्रम रद्द करता येतो

पोरी,

तुझा निरोप रात्री पावणेदोनला आला, मी सकाळी वाचला. पहिला राग त्या वेळेचाच आला. अंगात ताप, गळा बसलेला, आणि बाईसाहेब पावणेदोनला मेलेल्या कलाकारांची यादी करत बसल्यात. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन, कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस. प्रत्येक नावापुढे २७, मरतानाचं वय. त्याखाली प्रश्न: 'मोठं व्हायचं तर इतकं द्यावंच लागतं का?' आणि अगदी तळाला, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं, 'चार दिवसांत तीन सुपाऱ्या आहेत, आवाज लागत नाहीये, काय करू?'

तुझा खरा प्रश्न तळाचा आहे. वरचा तू त्याला झाकायला ठेवलायस. तळाच्या प्रश्नाचं उत्तर चार शब्दांचं आहे: कार्यक्रम रद्द करता येतो. पुढचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल. पण वाचशील, मला माहीत आहे.

त्याआधी एक सरळ विचारतो, आडवळण नको. पुढच्या महिन्यात तुला सत्ताविसावं लागतंय. ती यादी करताना तळाशी आपलं नाव कसं दिसेल, असं मनात आलं का? आलं असेल तर हे पत्र बाजूला ठेव, आईला उठव आणि मला फोन कर. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ते एकटीनं सोसायचंही काही कारण नाही. आलं नसेल तर म्हाताऱ्याचा आगाऊपणा समज आणि पुढे वाच.

२७ या आकड्याचं काय ते आधी उरकतो. ब्रिटनमध्ये ज्यांचा आल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अशा १,०४६ कलाकारांच्या नोंदी काही संशोधकांनी तपासल्या. ते २०११ साली छापून आलं. सत्ताविसाव्या वर्षी मरणाचं प्रमाण वाढतं असं काही त्यांना आढळलं नाही. विशी-तिशीत मात्र ते इतर लोकांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त निघालं. म्हणजे तुझा आकडा खोटा आणि धोका खरा. लोक नेमकं उलटं धरून बसतात. आकडा भिंतीवर लावतात आणि धोका 'कलावंताचं जगणं असंच असतं' म्हणून सोडून देतात.

आता तुला एक मरण जवळून दाखवतो. यात वेडही नाही आणि आतली आगही नाही. १९५९ चा जानेवारी, अमेरिकेतला बर्फाळ भाग. रॉक अँड रोल गायक बडी हॉली, वय वर्षं २२, बसनं दौरा करतोय. २४ दिवसांत २४ गावं. बसमधली गरम हवेची यंत्रणा बंद पडलेली. इतकी थंडी की त्याच्या ड्रमरचे पाय गारठून जखमी झाले आणि तो इस्पितळात. २ फेब्रुवारीला आयोवातल्या क्लिअर लेकला कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशीचं गाव होतं मूरहेड. हॉलीला काय हवं होतं? बसऐवजी विमानानं लवकर पोचावं, थोडं झोपावं, मळलेले कपडे धुवावेत. बास. म्हणून त्यानं छोटं विमान ठरवलं. त्याचा साथीदार वेलन जेनिंग्ज यानं आपली जागा दौऱ्यातल्याच, तापानं फणफणलेल्या बिग बॉपर या गायकाला दिली. सतरा वर्षांच्या गायक रिची वॅलेन्सला जागा मिळाली ती नाणेफेक जिंकून. पायलट २१ वर्षांचा, आणि नुसत्या उपकरणांवर विमान चालवायचा परवाना त्याच्याकडे नव्हता. मध्यरात्रीनंतर उडालं आणि काही मिनिटांतच शेतात कोसळलं. चौघंही गेले.

यातला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. मूरहेडचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी झाला. जागा भरून काढायला पंधरा वर्षांचा बॉबी व्ही नावाचा स्थानिक मुलगा आपली मंडळी घेऊन उभा राहिला. दौराही पुढे चालू राहिला. ज्या कार्यक्रमाला वेळेवर पोचायचं म्हणून तिघं कलाकार मेले, तो त्यांच्यावाचून झाला.

आता माझं. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा विषय बदलला.

मी तेव्हा साउंडही करायचो आणि आमच्या गाण्याच्या पार्टीच्या तारखाही सांभाळायचो. आमचा गिटारवाला ३१ वर्षांचा होता. कार्यक्रम रात्री दीडला संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दुसरीकडे उभं राहायचं होतं, म्हणजे रात्रभर प्रवास. ड्रायव्हर आदल्या सकाळपासून गाडीवर. आम्ही सामान आवरत असताना तो तीनदा नळावर जाऊन डोळ्यांवर पाणी मारून आला. तीनदा. मी मोजलं होतं.

आणि त्या वेळी मी काय करत होतो? गिटारवाल्याशी भांडत होतो. तो केबल कोपर आणि अंगठ्यात घालून गुंडाळायचा, दोरीसारखी. तशी गुंडाळली की आतल्या तारांना पीळ बसतो, आणि मग ऐन कार्यक्रमात खरखर सुरू होते. शंभरदा सांगितलं होतं. त्या रात्री मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो. तो हसला, केबल तशीच पेटीत टाकली आणि म्हणाला, 'चल, मी पुढे बसतो, ड्रायव्हरशी गप्पा मारतो, म्हणजे त्याला झोप लागणार नाही.' मी बरं म्हटलं.

पहाटे रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा होता. मागे दिवा नव्हता. मी मागच्या सीटवर झोपलो होतो.

केबलबद्दल मी बोललो, गाडीबद्दल बोललो नाही. मला दिसलं नव्हतं असं नाही, दिसलं होतं. पण तारीख दिलेली, आगाऊ रक्कम घेतलेली, शिवाय आमच्यात कोण आधी कच खातो याची न बोलता चाललेली एक शर्यत असायची. सकाळी दहाच्या सुमारास इस्पितळात आयोजकाचा फोन आला. फार वाईट झालं म्हणाला, आणि मग विचारलं, 'बाकीचे येऊ शकतील का?' त्याला मी दुष्ट म्हणत नाही. त्याची तिकिटं विकली गेली होती. त्यानं दुसरी पार्टी बोलावली. कार्यक्रम झाला आणि, पुढे कळलं त्याप्रमाणे, चांगला झाला.

ती केबल माझ्याकडे आहे. कधी उलगडली नाही.

म्हणून तुझ्या पिढीच्या तोंडी ते 'शो मस्ट गो ऑन' ऐकलं की मी चिडतो. शो चालूच राहतो. ती त्याची काळजी आहे, तुझी नाही.

तुझी यादीसुद्धा आता याच नजरेनं बघ. क्लिफर्ड ब्राउनचं नाव तू घेतलं नाहीस, कारण त्याच्या मरणात झगमगाट नाही. जॅझमधला अव्वल ट्रम्पेटवाला, व्यसनांपासून लांब राहणारा. १९५६ च्या जूनमध्ये रात्री, पावसात, पुढच्या मुक्कामाला निघालेल्या गाडीत गेला. वय २५. सोबत त्याचा पियानोवादक आणि गाडी चालवणारी पियानोवादकाची बायको, तीही गेली. अमेरिकेतला कंट्री गायक हँक विल्यम्स २९ वर्षांचा. पोचायचं होतं कार्यक्रमाला, गेला गाडीच्या मागच्या सीटवर, १९५३ च्या पहिल्या दिवशी. गाडी चालवायला कॉलेजातला एक पोरगा. हँकच्या अंगात दारू आणि औषधं होती, ते मी लपवत नाही. पण तशा अवस्थेतल्या माणसाला त्या थंडीत गाडीत घालून शेकडो मैल न्यायचं कशासाठी? तारीख दिली होती म्हणून.

मायकल जॅक्सनचे लंडनचे कार्यक्रम आधी १० ठरले होते. तिकिटं संपली, मग ५० केले. पन्नास वर्षांच्या माणसाला ५० कार्यक्रम. झोप येईना म्हणून त्याला प्रोपोफॉल दिलं जात होतं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात ते हे औषध. पहिला कार्यक्रम व्हायच्या आधीच, २५ जून २००९ ला, तो गेला. डॉक्टरला शिक्षा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तो चाळीसचा वाढीव आकडा कागदावर कुणी लिहिला, या प्रश्नासाठी कोर्ट नसतं. रॉक गायक टॉम पेटीनं २०१७ साली मोडलेल्या खुब्यानिशी ५३ कार्यक्रम केले. शेवटच्या कार्यक्रमानंतर आठवड्याभरात वेदनाशामकांच्या अतिमात्रेनं गेला. चाहत्यांना निराश करायचं नव्हतं. सगळे चाहते म्हणाले असते, बाबा, घरी बस. त्यांना विचारलं कुणी?

आणि एमी. तुझी लाडकी. १८ जून २०११, बेलग्रेड. तो व्हिडिओ तू पाहिलायस, मीही. तिला शब्द आठवत नाहीत, धड उभं राहता येत नाही, लोक हुर्यो करतायत. माझी नजर मात्र तिच्यावरून सारखी तिच्या मागच्या वादकांकडे जाते. ते वाजवतायत. तिला सांभाळून घेतायत, एकमेकांकडे बघतायत, पण थांबत नाहीत. विंगेतूनही कुणी येऊन माइक काढून घेत नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही, मी स्वतः काय केलं ते वर लिहिलंय. त्यानंतरचे कार्यक्रम रद्द झाले. पाच आठवड्यांनी ती गेली. बेलग्रेडचा आधी रद्द केला असता तर ती जगली असती, असं मी म्हणणार नाही. दारूचा आजार एका संध्याकाळचा नसतो. पण जे रद्द व्हायचंच होतं, ते तिची इतकी शोभा झाल्यावर झालं.

तू म्हणशील, काका, सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावताय. लावतोय खरं. कर्ट कोबेनचा दौरा १९९४ च्या मार्चमध्ये रद्द झाला होता, घशाच्याच दुखण्यानं. तरी एप्रिलमध्ये तो गेला. तिथे माझी किल्ली लागत नाही. तिथे डॉक्टर हवा, माणसं हवीत, नशीबही हवं.

इंग्लंडची गायिका कॅथलीन फेरियर मला आणखी छळते. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, फेब्रुवारी १९५३. कर्करोग हाडांत पोचलेला, आणि ऑपेराच्या दुसऱ्या प्रयोगात रंगमंचावरच तिच्या पायाचं हाड मोडलं. ती टेकून उभी राहिली आणि शेवटपर्यंत गायली. त्यानंतर पुन्हा कधी लोकांसमोर गायली नाही, ऑक्टोबरमध्ये गेली. वय ४१. तिला 'रद्द कर' म्हणायची माझी हिंमत नाही. तिच्यापुढे पुढची तारीखच नव्हती. तिनं शेवटची निवडली आणि पुरती वसूल केली.

पण तुझ्यापुढे तारखा आहेत, येडे. तू फेरियर नाहीस. तुला ताप आलाय.

धंद्यात मला पाठीमागे रद्दीवाला म्हणतात, हे तुझ्याही कानावर आलं असेल. त्या अपघातानंतर आजवर मी अकरा कार्यक्रम रद्द करायला लावले. दोन वेळा वादळात मंडप हलत होता म्हणून, एकदा मंचाची वायर भिजली होती म्हणून, बाकीचे माणसं शिणलेली होती म्हणून. त्यांपैकी एकातही काही 'होणार' होतं हे मला सिद्ध करता येणार नाही. हीच तर पंचाईत आहे. रद्द केलेल्या कार्यक्रमाचं श्रेय कुणी देत नाही. वादळ वळतं, वायर सुकते, आणि लोक म्हणतात, म्हातारा उगाच घाबरला. दोन पार्ट्यांनी मला कायमचं सोडलं. एका आयोजकानं तोंडावर सांगितलं, तुमच्यामुळे कलाकार आळशी होतात. पटत नाही मला. तसं रात्री कधी कधी पटतंही. मग मी मोजतो, त्या अकरा कार्यक्रमांतली सगळी माणसं आज कुठे कुठे आहेत.

आणि एवढंच ऐकून घ्यावं लागत असेल, तर ऑपेरा गायिका मारिया कॅलासनं काय ऐकलं ते आठव. २ जानेवारी १९५८, रोमचा ऑपेरा, प्रेक्षकांत इटलीचे राष्ट्राध्यक्ष. आवाज साथ देईना, पहिल्या अंकानंतर ती थांबली. बदली गायिका ठेवलेली नव्हती. वर्तमानपत्रांनी तिला फाडून खाल्लं. तिनं दावा लावला, आणि १३ वर्षांनी निकाल लागला की बदली गायिका न ठेवणं ही ऑपेरावाल्यांची चूक होती. तेरा वर्षं! तुला तेरा मिनिटं आयोजकाचं बोलणं ऐकून घ्यायचंय.

तर आता काम. पहिली दोन रद्द. तिसरीचं डॉक्टर घसा बघून सांगतील, तू नाहीस आणि मीही नाही. तोवर कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानंही गळ्याला ताण पडतो. लिहून दाखव. आगाऊ घेतलेली रक्कम परत करायची. खर्चून टाकली असलीस, आणि तू टाकलीच असणार, तर मला सांग. दोन्ही आयोजकांचे नंबर पाठव, मी बोलतो. त्यांना माझा आवाज ओळखीचा आहे, पहिल्या वाक्यालाच कपाळावर हात मारतील.

आणि तुझ्या साउंडच्या पोराला विचार, केबल कशी गुंडाळतो.

तुझा,
काका