वेदीपाशी घंटी, मनोऱ्यात घंटा

प्रश्न असा आहे: कॅथलिक उपासनेवरच्या मजकुराचं भाषांतर करताना इंग्रजी ‘बेल’साठी सगळीकडे ‘घंटा’ आणि तिच्या वाजण्याला सरसकट ‘घंटानाद’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नको. मराठीत घंटा आणि घंटी हे दोन्ही शब्द हाताशी आहेत आणि इथे दोन्ही लागतात. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, चालू असताना वेदीच्या पायरीशी गुडघे टेकून बसलेला सेवक हाताने हलवतो ती घंटी. पुष्कळदा एकाच मुठीला अशा तीन-चार घंट्या जडवलेल्या असतात. धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसावर हात पसरतात, त्या सुमारास ती किणकिणते; मग भाकर उंच धरल्यावर, मग प्याला उंचावल्यावर. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, धर्मगुरूंची पाठ लोकांकडे असायची आणि भाकर आणि द्राक्षारस पवित्र करण्याचे शब्द ते अगदी हलक्या आवाजात म्हणायचे. पार मागे बसलेल्याला ‘तो क्षण आला’ हे कळायचं ते या किणकिणीवरूनच. इतक्या नाजूक आवाजाला ‘घंटानाद’ म्हटलं की सगळं चित्रच बिघडतं.

लॅटिननेही हा भेद जपला आहे. छोटीला ‘तिन्तिन्नाबुलुम’ (नुसतं मोठ्याने म्हणून बघा, शब्दच वाजतो) आणि मनोऱ्यातल्या मोठीला ‘काम्पाना’. हे दुसरं नाव इटलीतल्या काम्पानिया प्रांतावरून पडलं, तिथलं कासं नावाजलेलं होतं म्हणून.

‘आंजेलुस’च्या बाबतीत मात्र ‘टोले’ हाच शब्द हवा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी म्हणायची ही प्रार्थना. देवदूताने मरियेला निरोप दिला, या अर्थाच्या तिच्या लॅटिन ओळीतल्या पहिल्याच शब्दावरून तिला हे नाव मिळालं. मनोऱ्यातून तीन टोले पडतात, मग थांबा, पुन्हा तीन, थांबा, पुन्हा तीन. मधल्या थांब्यात प्रार्थनेचं एकेक कडवं म्हणून होतं. शेवटी घंटा बराच वेळ वाजत राहते. ‘घंटानाद झाला’ लिहिलं तर ही सगळी मोजणी हरवते. जाता जाता एक गंमत सांगतो: इंग्रजी ‘क्लॉक’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘क्लोक्का’ म्हणजे घंटा या शब्दावरून आला, आणि आपल्या ‘तास’ या शब्दाचाही टोले देण्याची धातूची थाळी असा एक जुना अर्थ आहे. वेळ आधी कानांनी कळायची, हे दोन्ही भाषांनी लक्षात ठेवलं आहे.

मग ‘घंटानाद’ कुठे वापरायचा? ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत सुरू झालं की लहानमोठ्या सगळ्या घंटा एकदम वाजवतात. तिथे तो शब्द शोभतो. त्यानंतर शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणातला ‘ग्लोरिया’ येईपर्यंत एकही घंटा वाजत नाही. या मधल्या काळात घंटीच्या जागी ‘क्रोतालुस’ वापरायची रीत आहे: लाकडी फळी, तिच्यावर आपटणारी हातोडी, कोरडा खट्‌खट् आवाज. तिला ‘लाकडी घंटा’ म्हणू नये. घुमणारा आवाज टाळण्यासाठीच तर लाकूड आणलं आहे. ‘चिपळ्या’ही नको, त्यांत झांजा असतात. ‘लाकडी खटखटं’ मला पटतं.

आणि त्या दिवसांबद्दल लिहिताना ‘घंटा बंद असतात’ असं लिहू नका, त्या बिघडल्यासारखं वाटतं. ‘घंटा मुक्या असतात’ असं लिहा.